फोनले उगवत समजली पायजे

काल्याचं कीर्तन दुर्गाबाईंना मिळालं, ही बातमी हिवरखेडहून अकोल्याला आणि अकोल्याहून अमरावतीला पोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. एकतीस वर्षं त्या कीर्तनाला उभ्या राहत होत्या, पण सप्त्यात त्यांच्या वाट्याला यायचं ते दुसऱ्या नाही तर तिसऱ्या दिवसाचं. काला म्हणजे मोठ्या महाराजांचा मान. सात दिवस गाव ज्या दह्याच्या हंडीसाठी नाचतं-गातं, ती ज्याच्या शब्दावर फुटायची त्याचा शब्दही तसाच भरलेला पाहिजे. आणि यंदा चांदूर बाजारच्या पुढच्या एका बोरगावातून नत्थुजी नावाच्या गृहस्थांचा निरोप आला होता, की मार्गशीर्षातल्या सप्त्याचा काला ताईंनीच करावा, गावच्या बायांनी हट्टच धरला आहे.

त्या दिवसापासून दुर्गाबाईंचे पाय जमिनीला टेकत नव्हते. भाकर थापताना थाप तालात पडायची. सून पौर्णिमा फोनवर विचारायची, आई, काय करून राहिल्या, तर त्या म्हणायच्या, चाल बसवून राहिली. वयाची साठी जवळ आली होती आणि मन आठवीतल्या पोरीसारखं झालं होतं.

आता रविवारी सगळे अकोल्याला गोपालच्या घरी जमले होते. गोपाल हा थोरला, शाळेत गणिताचा सर. पौर्णिमा त्याची बायको. धाकटी प्राजक्ता अमरावतीला दिलेली, ती सकाळच्या गाडीनं आली होती. दुर्गाबाई आणि त्यांचे यजमान सूर्यभानजी आदल्या दिवशीच हिवरखेडहून आले होते. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी झाली, भाकरी झाल्या, गोडाला शिरा झाला, आणि हात धुऊन सगळे बसले तेव्हा गोपालनं तो प्रश्न काढला जो सकाळपासून कोणी काढत नव्हतं. जायचं कसं?

एकतीस वर्षांत हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नव्हता. सूर्यभानजी मोटरसायकलला किक मारायचे आणि दुर्गाबाई मांडीवर टाळांची पिशवी घेऊन मागे बसायच्या. गाव कोणतं, वाट कोणती, नाल्याला पाणी आहे का, पुलाचं काम निघालंय का, हे सगळं त्या पाठीला ठाऊक असायचं. पण गेल्या वर्षी साखरेनं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला धरलं. कडेकडेचं दिसे, मधलं दिसेना. ते सांगायचे, माणूस समोर आला की त्याच्या तोंडाच्या जागी कापूस धरल्यावाणी दिसते. दिवाळीपासून गाडीची किल्ली खिळ्याला लटकली होती.

आणि किल्लीबरोबर सूर्यभानजींनी कीर्तनाला येणंही टांगून ठेवलं. हीच दुर्गाबाईंच्या जिवाला लागलेली गोष्ट होती. टाळकऱ्यांत पहिल्या रांगेत उजव्या हाताला ते नसले की त्यांना पहिला गजर उचलायला जड जायचं. पण विचारलं की उत्तर ठरलेलं असे.

"गाडी माही, वाट माही, तवा मी येत होतो. आता दुसऱ्याच्या गाडीत गाठोड्यावाणी कायले बसू?"

काल्यालाही ते येणार नाहीत, असं त्यांनी कालच सांगून टाकलं होतं. एकतीस वर्षांनी मिळालेला मान, आणि तो बघायला हेच नाहीत. दुर्गाबाई कोणापुढे बोलल्या नव्हत्या, पण या रविवारी त्या अकोल्याला आल्या होत्या त्या तेवढ्यासाठी. लेकरं जमतील, कोणीतरी यांचं मन वळवील.

लेकरांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. गोपालचं म्हणणं, जाऊच नये. मागच्या महिन्याचं त्यानं काढलं. पौर्णिमा आता चारचाकी चालवायला शिकली होती आणि सासूला अकोटकडच्या एका गावाला कीर्तनाला घेऊन निघाली होती. तिचा जुना फोन नकाशा दाखवत होता. तो फोन तापला, थांबला, पुन्हा चालू झाला, आणि दोघींना त्यानं गावाऐवजी एका जिनिंगच्या गेटावर नेऊन उभं केलं. चौकीदार विचारतो, कापूस आणला का. सव्वा तास उशीर झाला. एकतीस वर्षांत दुर्गाबाईंना पहिल्यांदा उशीर झाला होता, आणि गावकरी गोड बोलले तरी तो सव्वा तास त्यांच्या मनातून गेला नव्हता.

"आई, काल्याला असं झालं तं?" गोपाल म्हणाला. "हजार माणूस उन्हात बसलेलं राहीन. हंडी बांधून तयार, अन् तू कुठीतरी जिनिंगवर."

यावर पौर्णिमाच उसळली. चूक माझी नव्हती, फोनची होती, आणि फोन बदलता येतो, असं ती ठासून बोलली. आईंना स्वतःचा चांगला फोन घ्यायचा, बटणांचा डबा किती दिवस वापरतील, दहा-बारा हजारांत उत्तम रस्ता दाखवणारे फोन मिळतात, गाडी मी चालवते. प्राजक्तानं लगेच वहिनीच्या बाजूनं उडी घेतली. तिनं तर येतानाच मोबाइलवर यादी करून आणली होती. गोपाल एकटा पडला. त्यानं बापाकडे पाहिलं, बाबा तुमीच सांगा, या अर्थानं. सूर्यभानजी सुपारी कातरत होते. ते म्हणाले, घ्या फोन. फोन घेतला की वाट दाखवायले माणूस लागत नाही, हे चांगलंच हाय.

बोलणं सरळ होतं, पण त्यातली बोच दुर्गाबाईंना कळली. सगळी लेकरं फोन घ्यायला उत्साहानं उठली होती आणि त्यांना वाटत होतं, आपण जे जोडायला आलो ते आणखीच तुटून राहिलं.

दुकान टॉवर चौकाच्या आत एका गल्लीत होतं, आणि ते रागिणी नावाच्या बाई चालवत होत्या. पौर्णिमाची ओळख. काउंटर काचेचं, मागे भिंतभर खोकी, कोपऱ्यात एक मोठा स्पीकर बारीक आवाजात गाणी म्हणतोय. सूर्यभानजी यायला तयार नव्हते. चार वाजता अकोटची एसटी आहे, मी तिनं पुढं हिवरखेडले निघतो, म्हणाले. पण स्टँड त्याच वाटेवर, म्हणून दुर्गाबाईंनी त्यांना गाडीत बसवलंच. आता ते दाराशी स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन, एसटीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे बसले होते.

आत मात्र नुसती धमाल चालली होती. रागिणीताईंनी काचेवर पाच फोन ओळीनं मांडले आणि प्राजक्ताचा हात थेट निळ्यावर गेला. पडदा मोठा, पाठ मोरपिशी, कॅमेरा असा की मंडपातल्या शेवटच्या बाईच्या नाकातली नथ दिसावी. आईचा काला मी अख्खा उतरवणार आणि अमरावतीच्या सगळ्या बायांना दाखवणार, तिनं ठरवूनच टाकलं. पौर्णिमा म्हणाली, नथ नंतर पाहू, अगोदर गाव दिसू दे. नणंद-भावजयींची जी युती जेवणानंतर झाली होती ती तासाभरात काचेच्या काउंटरवर फुटली. आणि गंमत अशी की गोपाल, जो जाऊच नका म्हणत होता, तो चष्मा कपाळावर चढवून एकेका खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागला. बॅटरी किती, मेमरी किती, नकाशा नेटवर्क नसताना चालतो का. रागिणीताईंनी सांगितलं, की नकाशा घरूनच उतरवून ठेवायचा, म्हणजे मेळघाटाच्या कडेला रेंज गेली तरी रस्ता जात नाही. आणि यातले काही फोन आपल्या देशाच्या उपग्रहांचीही मदत घेतात, त्याला नाविक म्हणतात.

"आपले उपग्रह?" गोपालनं विचारलं, आणि तिथून गडी बदललाच. कोणत्या फोनात आहे, कोणत्यात नाही, तो स्वतःच मांडून बायकोला समजवायला लागला. पौर्णिमानं सासूकडे पाहून हळूच डोळे मिचकावले. दुर्गाबाईंना हसू आलं. कीर्तनात असंच होतं. जो माणूस उठून जायला टेकलेला असतो, तोच अर्ध्या घटकेनं सगळ्यांत मोठ्यानं गजर म्हणतो.

मग निळ्या फोनची परीक्षा घ्यायचं ठरलं. पौर्णिमानं त्यात घरचा पत्ता टाकला. फोन बाईच्या आवाजात बोलला.

"ईशान्येकडे जा."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. पौर्णिमा म्हणाली, ईशान्य म्हणजे कोणती? देवघर असते ती, प्राजक्ता बोलली. अगं पण ती आपल्या घरातली, दुकानातली कोणती? नकाशावर निळा ठिपका होता, नुसताच ठिपका, तोंड नसलेला. पौर्णिमा फोन घेऊन गरकन फिरली, ठिपका जागचा हलला नाही.

"हेच," ती म्हणाली. "त्या दिवशी फाट्यावर हेच झालं. उभं राहिलं की याले समजत नाही आपलं तोंड कोणीकडं हाय. मंग अर्धा फर्लांग चुकीचं जा लागते, तवा हा म्हणते, मागे वळा."

रागिणीताईंनी मान डोलावली. रस्ता सगळेच फोन दाखवतात ताई, त्या म्हणाल्या, पण आत होकायंत्र असतं एक छोटं. स्वस्तात बसवायला कंपन्या तेच काढून टाकतात आणि कॅमेरा मोठा करतात. होकायंत्र नसलं की फोनला चालल्याशिवाय दिशा कळत नाही. या पाचांत ते दोघांतच आहे.

दाराकडून आवाज आला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच सूर्यभानजींनी तोंड उघडलं होतं.

"म्हणजे उभं राह्यलं की याले उगवत समजत नाही?"

"नाही समजत, काका."

"मंग थो वाट काय दाखवन." सूर्यभानजी पिशवी सावरत म्हणाले. "आपलं तोंड कोणीकडं हाय हेच ज्याले ठाऊक नाही, त्याच्या मांगं कोण जाईन?"

दुर्गाबाई चमकल्या. हे वाक्य त्यांच्या कीर्तनात शोभलं असतं. पण त्याहून त्यांना जाणवलं ते हे, की यांचा आवाज बदलला होता. वाटेबद्दल बोलताना यांचा असायचा तसा होता.

निळा फोन खोक्यात परत गेला. प्राजक्तानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मुलगी सासरी धाडावी तसं. होकायंत्रवाले दोन उरले. त्यातला एक बारका, काळा, साधा. रागिणीताईंनी त्यातलं होकायंत्र उघडून फोन पौर्णिमाच्या हातात दिला. गोल तबकडी, लाल काटा. हा बघा काटा, हा उत्तर दाखवतो. काटा डुलला आणि बाजूच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाऊन थांबला. उत्तर कॅलेंडरकडे, असं गोपालनं जाहीर केलं.

"नाही," सूर्यभानजी म्हणाले. "उत्तर त्या चहावाल्याकडं."

चहावाला गल्लीच्या पलीकडे होता. कॅलेंडर डाव्या हाताला. दोन्हींत पुरा काटकोनाचा फरक. गोपाल हसून म्हणाला, बाबा, तुम्हाला इथून कसं समजलं, इथं ऊनही दिसत नाही. सूर्यभानजींनी हिशेब सांगितला. घरून निघालो तवा ऊन माह्या डाव्या गालावर होतं. मंग एक वळण उजवं, मोठ्या चौकात डावं, अन् या गल्लीत शिरताना पुन्हा उजवं. माणूस कोठीही बसला तरी मनातली उगवत धरून ठेवा लागते, सोडली की हरवला.

गल्लीतले दोघं-तिघं थांबले. चहावालाही किटली घेऊन दाराशी आला, कारण त्याचं दुकान उत्तरेला आहे का नाही हा प्रश्न त्याच्याही आता जिव्हाळ्याचा झाला होता. गोपालनं बापाला समजावायचा प्रयत्न केला. हे यंत्र आहे, वर अंतराळातून उपग्रह बघून राहिले, माणसाची चूक होऊ शकते. तुमचे डोळे, असं काही तो म्हणणार होता, पण अर्ध्यावर गिळलं. गिळलं तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. सूर्यभानजींनी मान खाली घातली आणि पिशवीचा बंद चाचपला. एसटीला अर्धा तास होता.

दुर्गाबाई काउंटरपासून निघून दारापर्यंत आल्या आणि नवऱ्याच्या स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या.

"हे म्हणतात थीच उत्तर," त्या म्हणाल्या.

"आई, हे श्रद्धेचं काम नाही."

"मी श्रद्धेचं कुठी बोलून राहिली? हिशेबाचं बोलतो. तू गणिताचा सर नं? एकतीस वर्षं, साडेसातशे गावं, एका गावाले यायनं मले चुकीच्या वाटेनं नेलं नाही. तुह्या फोनले खोक्यातून निघून अजून दहा मिनिटं नाही झाली."

चहावाल्यानं मान डोलावली. पौर्णिमा हातातल्या फोनकडे आणि सासऱ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिला दोघांपैकी कोणालाच खोटं ठरवायचं नव्हतं. तेवढ्यात रागिणीताईंनी काउंटरवरून वाकून पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"वहिनी, तुम्ही त्या स्पीकरला टेकून उभ्या आहात हो. आणि सर, हे उपग्रहाचं नाही, चुंबकाचं काम आहे. स्पीकरमध्ये हा एवढा मोठा चुंबक असतो. अन् बाजूला लोखंडी शटर. काटा बावचळला. बाहेर मोकळ्यात घ्या आणि हवेत आठचा आकडा काढा."

सगळी वरात गल्लीत निघाली. पौर्णिमानं हात लांब करून फोननं हवेत आठचा आकडा काढला, एकदा, दोनदा, तीनदा. आरती ओवाळावी तसं दिसत होतं ते, आणि येणारे-जाणारे तसेच बाजूनं वळून जात होते. काटा थरथरला, गिरकी घेतली, आणि हळूहळू सरकत आला चहावाल्याच्या पाटीवर. तिथं थांबला. पौर्णिमा फिरली, काटा फिरला नाही, पाटीकडेच राहिला.

चहावाल्यानं सगळ्यांना अर्धा-अर्धा कप चहा दिला, उत्तरेचा मान म्हणून. गोपाल हसत बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, बाबा, तुमचा आठ कोणी काढला? प्राजक्तानं तर खेळच मांडला. डोळे मिटा बाबा, नैऋत्य कोणती? त्यांचा हात उठला. आग्नेय? उठला. प्रत्येक वेळी पौर्णिमा फोन धरायची आणि प्रत्येक वेळी काटा त्या हाताशी जाऊन मिळायचा. शेवटी सूर्यभानजी म्हणाले, पुरे आता, मी का सर्कशीतला हाय. पण ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, किती महिन्यांनी.

"आणा इकडं थो फोन," ते म्हणाले. पौर्णिमानं दिला. त्यांनी तो डोळ्यांच्या कडेशी, कानाजवळ नेल्यासारखा तिरपा धरून पाहिला, कारण मधून त्यांना दिसत नव्हतं. मग दोन पावलं शटरकडे नेला, काटा भडकला. मागे आणला, ठीक झाला.

"लोखंडाजवळ बिचकते. नवा बैलही बिचकते. हाच घ्या."

आणि तो बारका काळा फोन पक्का झाला. कॅमेरा बेताचा आहे हे प्राजक्तानं एकदा नोंदवून ठेवलं, पण उतरवीन मी त्यानंच, जवळ जाऊन उतरवीन, असंही म्हणाली. रागिणीताईंनी दुर्गाबाईंचं सिमकार्ड त्यात घातलं, भाषा मराठी केली, नकाशा उतरवायला लावला. फोन चालू होऊन वाजला तेव्हा दुर्गाबाईंनी त्याला नमस्कार केला. सवय ती, नव्या टाळांनाही करतात.

पहिला फोन नत्थुजींना लावायचा ठरला. कारण नकाशात बोरगावं निघाली सात-आठ, आणि आपलं बोरगाव कोणतं ते त्यांच्याकडूनच यायला पाहिजे. आवाज मोठा केला. नत्थुजी खणखणीत बोलणारे निघाले. रामराम ताई, बाया हरखून गेल्या, हंडी कुंभाराकडं सांगितली, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. पौर्णिमानं त्यांना गावात उभं राहूनच ठिकाण पाठवायला सांगितलं, बाजारात असाल तर नको. त्यांनी आत्ता मारुतीच्या पारावरच आहो म्हणत ते पाठवलं. नकाशावर लाल खूण उगवली. अकोल्याहून निघालेली निळी रेघ त्या खुणेपर्यंत जाऊन टेकली, आणि पौर्णिमानं एवढा मोठा श्वास सोडला की जणू पोचलीच.

सूर्यभानजी उठले. चार वाजत आले होते. पिशवी खांद्याला लावली. दुर्गाबाई बघत राहिल्या. सगळं मनासारखं झालं होतं, फोन झाला, वाट झाली, गोपाल वळला, आणि ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या तेवढं मात्र स्टँडकडे निघालं होतं. आता म्हणावं का, चला माझ्यासोबत? पण या वयात, लेकरासुनांसमोर, गल्लीत उभं राहून कसं म्हणावं. जिभेवर शब्द नाचवण्यात जन्म गेला आणि हा एक शब्द उचलत नव्हता.

फोन चालूच होता. नत्थुजी सांगत होते, मंगळवारी मंडपाचे बांबू येऊन राहिले, दरवर्षीसारखा मंदिराला पाठ लावून मंडप घालतो, महाराजांचं तोंड उगवतीकडं.

सूर्यभानजी वळले.

"कोणीकडं?"

"उगवतीकडं. काहून?" फोनमधून आवाज आला. "कोण बोलून राहिलं?"

ते परत आले. पौर्णिमानं फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

"मी दुर्गाबाईच्या घरून बोलतो, सूर्यभान. काला किती वाजता हाय तुमचा?"

"दहा ते बारा."

"मंग पाहा नं भाऊ. मार्गशीर्षातलं ऊन, दहा वाजता थे सरळ तिच्या डोळ्यात जाईन. बोलणाऱ्याले समोरचं माणूसच दिसलं नाही, तं थो कोणाले सांगन? दक्षिणेलेही नको, बारा वाजता तेच होते. तोंड उत्तरेले करा."

नत्थुजी अडखळले. मंडप फिरवायचा म्हणजे शेजारच्याच्या अंगणात खुंट्या येतात, बाजूला विहीर आहे, दरवर्षीचं जमलेलं आहे. सूर्यभानजींनी विचारलं, विहीर मंदिराच्या कोणत्या अंगाले, अंगण किती पावलं. मागच्या सालात नेर-पिंगळाईकडं असंच होतं, तिथं एक बांबू विहिरीच्या कठड्याला बांधला होता. दर वेळी मी अगोदर जाऊन तुमच्यासारख्यांशी हेच भांडतो, म्हणाले. दोघं बोलत राहिले. शेवटी नत्थुजी थकून म्हणाले, भाऊ, फोनवर नाही समजत हे, तुमीच येऊन दाखवान तं बरं होईन.

"येतो," सूर्यभानजी म्हणाले. "बांबू उभे व्हायच्या अगोदर येतो. मंगळवारी."

पौर्णिमानं हळूच फोन बंद केला. गोपाल म्हणाला, मंगळवारी मी सुटी टाकतो, मी नेतो बाबांना. पण सगळे दुर्गाबाईंकडे पाहत होते.

त्या एका जागी उभ्या होत्या. एकतीस वर्षं. सकाळची कीर्तनं, चार वाजताची कीर्तनं, चैत्रातली, कार्तिकातली. कधी एकदाही ऊन त्यांच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. दुसऱ्या महाराजांना कपाळावर हात धरून बोलताना त्यांनी पाहिलं होतं. आपल्याला कधी तसं करावं लागलं नाही, आणि त्याचा त्यांनी दृष्टांतच केला होता. कितीतरी गावांत सांगितला होता, रंगवून, डोळ्यांत पाणी आणून: पाहा बाप्पा, नाव घेणाऱ्याच्या डोळ्यावर तो ऊनसुद्धा येऊ देत नाही. बाया पदरानं डोळे पुसायच्या. आणि पहिल्या रांगेत, उजव्या हाताला, हे टाळ धरून उभे असायचे.

"तुमी ऐकत होते," दुर्गाबाई म्हणाल्या. "दर खेपी बाजूले उभे राहून ऐकत होते. काहून नाही सांगितलं?"

सूर्यभानजींनी तोंड जरा बाजूला वळवलं, डोळ्याच्या कडेनं त्यांना नीट पाहता यावं म्हणून.

"तू देवाचं नाव घेऊन राहिली होती," ते म्हणाले. "त्याच्या मधात मी कायले येऊ?"